मुशीचे विरजण

सोने वितळवण्याच्या मातीच्या भांड्याला मूस म्हणतात. संस्कृतात ती मूषा. शब्दांची कुळी शोधणारे जुने पंडित तिचे नाते चोरण्याच्या क्रियेशी लावतात. धातूतले दोष ती हळूच चोरून घेते म्हणून मूषा. ज्या बाईची ही हकीकत आहे तिला यातले काही ठाऊक नव्हते. आयुष्याची एकेचाळीस वर्षे तिने मुशी घडवण्यात घालवली होती. मूस चोरटी असते असे कोणी तिला सांगितले असते, तर माझ्या मुशी तसल्या घराण्यातल्या नाहीत, असे म्हणून तिने त्याला वाटेला लावले असते.

गल्लीत तिला सगळे मूसवाली म्हणत. तिचे घर म्हणजे एकामागे एक अशा दोन खोल्या. मागच्या खोलीत शेगडी, खाट आणि कपड्यांची पेटी. पुढच्या खोलीत काम. पुढच्या खोलीला रस्त्याच्या बाजूने एकच खिडकी. तिच्या उजेडात दोन ठेंगणी स्टुले समोरासमोर मांडलेली, आणि मधे पाण्याचा एक वाडगा. दोन माणसे बसली की गुडघ्याला गुडघा लागावा एवढेच अंतर. भिंतीवर दोन लाकडी फळ्या होत्या, एक डोक्याच्या वर आणि एक कमरेशी. आता एकाच स्टुलावर माणूस बसत असे. दुसऱ्यावर ओल्या फडक्यात गुंडाळलेला मातीचा गोळा असे. बसणाऱ्याच्या आकाराचा, पण मुका.

तिची विद्या चिमटीची. मुशीच्या मातीला चाक चालत नाही. मोठ्या लिंबाएवढा गोळा डाव्या तळहातात धरायचा, उजव्या हाताचा अंगठा त्याच्या मध्यात बुडवायचा, तळाला बोटभर जाडी राहिली की थांबायचे. मग आत अंगठा आणि बाहेर दोन बोटे यांच्या चिमटीत भिंत दाबायची, गोळा किंचित फिरवायचा, पुन्हा दाबायची. असे तळापासून काठापर्यंत चढत जायचे. शेवटी ओल्या बोटाने काठाला एक चोच काढायची. वितळलेले सोने तिथून धारेने उतरते. बाहेरून ओले फडके फिरवले की बोटांच्या खुणा पुसल्या जातात. आतल्या खुणा मात्र तशाच राहतात, कारण तिथे फडके नेले तर भिंत फाटते. चाकावर माती वर ओढली जाते, चिमटीत ती दाबली जाते. आणि ओढलेल्या मातीला विस्तवात गेल्यावर आपले ओढलेपण आठवते आणि ती तडकते, असे तिचे यजमान सांगत. ही विद्या त्यांची. लग्न होऊन आली तेव्हा तिला मातीतले ढिम्म कळत नव्हते.

यजमानांविषयी बोलताना ती 'हे' म्हणे, आणि ते गेल्यावरही तिच्या बोलण्यात ते वर्तमानकाळातच राहिले. गृहस्थ विनोदी होता. लोक एकमेकांना अंगठा दाखवतात, आपण अंगठा विकतो, असे ते गिऱ्हाइकांना ऐकवत. ते डावखुरे होते. गोळा उजव्या तळहातात धरून डाव्या अंगठ्याने चिमटत, त्यामुळे त्यांचा गोळा उलट फिरे. वाऱ्याने गवत झुकावे तशा त्यांच्या मुशीतल्या खुणा उजवीकडे झुकत आणि तिच्या डावीकडे. बाहेरून दोघांच्या मुशी जुळ्या बहिणी वाटत. वजनात मात्र फरक होता. त्यांचा हात जड बुडाचा, तिचा पातळ. तुझ्या मुशी कागदाच्या पुड्या आहेत, असे ते म्हणत. निदान उचलल्या तर मनगट तरी लचकत नाही, असे ती म्हणे. या एका विषयावर ते दोघे चौतीस वर्षे भांडले आणि दुसऱ्या कोणत्या विषयावर भांडल्याचे तिला आठवत नसे. मूल झाले नाही. त्या गोष्टीवर भांडण्यासारखे काही नव्हते.

या मातीचा एक नियम होता. नवी माती एकटी विस्तवात टिकत नाही. तिच्यात जाळलेल्या कोंड्याची राख घालावी लागते, आणि तिसरा हिस्सा जुन्या भाजलेल्या मुशींचा कूट. जी एकदा आग सोसून आली तीच नवीला आग सोसायला शिकवते. यजमान त्या कुटाला विरजण म्हणत. कालचे ठेवले नाही तर उद्याचे लागणार कसे, असा त्यांचा रोकडा हिशेब. म्हणून ते दर महिन्याला पिशवी घेऊन सोनारांच्या दुकानांतून फिरत आणि फुटक्या मुशी मागून आणत. शिवाय भाजताना ज्यांना केसाएवढा तडा गेला किंवा ज्यांची चोच वाकडी झाली, त्या मुशीही विरजणासाठी फळीवर जात. वरची फळी त्यांची, खालची तिची. ज्याचे पाप त्याच्या फळीवर, असा घरातला कायदा होता.

सात वर्षांपूर्वी ते गेले. नऊ दिवस दवाखान्यात होते. दहाव्या दिवशी ती त्यांच्याशिवाय घरी आली आणि तापाने अंथरुणाला खिळली. थोरली नणंद येऊन राहिली, तिने घर सांभाळले, आणि पंधरवड्याने ती आपल्या संसाराला परत गेली. मूसवाली उठून पुढच्या खोलीत आली तेव्हा वरच्या फळीवर चौदा मुशी ओळीने पालथ्या घातलेल्या होत्या. धूळ आत जाऊ नये म्हणून यांनीच पालथ्या घातल्या असतील, असे तिला वाटले. तिने त्यांना हात लावला नाही. प्रत्येकीच्या काठाखाली, तिच्या मते, फळीचे एक वर्तुळ होते, जिथे त्यांच्या हयातीतले लाकूड अजून उघडे पडले नव्हते. ते वर्तुळ मोडू नये म्हणून ती सात वर्षे काठीला फडके बांधून त्या मुशी फक्त बाहेरून पुशीत आली.

आणि ती त्यांच्याशी बोलत असे. सकाळी वेणी घालताना आज किती गोळे वळायचे, राख कशी पडली आहे, पाठ कुठे धरली आहे, हे सारे ती फळीकडे पाहून सांगे. कोणी ऐकले असते तर तिला वेड लागले म्हटले असते. ऐकायला कोणी नव्हते, हीच तर तक्रार होती.

फुटक्या मुशी मागायला ती कधी बाहेर पडली नाही. ते काम यजमानांचे. बोलण्याचे, दोन थट्टा करण्याचे. तिला दुकानाच्या पायरीवर उभे राहून तोंड उघडण्याची कल्पनाही सोसत नसे. विरजणासाठी तिने खालची फळी वापरली. आपल्याच हातची पापे ती. त्यांचा काय लळा? मूठ मूठ उचलून गोणपाटात घालायच्या, वरून दांडक्याने ठेचायच्या, कूट चाळायचा. त्यांच्याकडे तिने कधी निरखून पाहिले नाही. आपल्या हातच्या चुकांकडे कोण निरखून पाहतो? काम कमी होत गेले होते. बाजारात काळ्या, तुळतुळीत, कारखान्यात दाबून काढलेल्या मुशी आल्या होत्या आणि सोनार त्या घेत होते. त्यामुळे खालची फळी सहा वर्षांहून अधिक पुरली. मग ती संपली.

ती संपली त्याच आठवड्यात म्हातारा सोनार दारात उभा राहिला. तो यजमानांचा जुना मित्र. तिला वहिनी म्हणे, ती त्याला भाऊजी. एवढा एकच कारागीर अजून तिच्याकडून मुशी नेत असे. त्याने आत येऊन गोळ्याचे स्टूल पाहिले आणि उभाच राहिला. दोन डझन लहान मुशी हव्या होत्या. ती आठ दिवसांनी सांगते म्हणाली.

"वहिनी, मी मूस मागतोय. मुलगी नाही मागत."

"माती नाही, भाऊजी."

"माती नाही? मग गल्लीत काय सोनं पसरलंय?"

तिने विरजणाचे सांगितले, वरच्या फळीचे सांगितले नाही. त्याने सुचवले की विटेचा कूट घालून पाहा. मग जे सांगायला आला होता ते त्याने सांगितले. त्याची नजर अधू झाली होती. काळ्या मुशीत सोने कधी पिकले, म्हणजे पुरते वितळले, ते त्याला दिसत नसे. काळ्या भिंतीत सगळीच लाली सारखी. तिच्या पांढुरक्या मुशीत मात्र सोन्याचा डोळा उघडलेला त्याला अजून कळे. मुलगा म्हणतो, आता बस करा. तो बस करीलही. पण मुशी आहेत तोवर नाही.

"तुमच्या मुशी संपल्या की मी संपलो," तो म्हणाला, आणि आपण फार बोललो असे वाटून निघून गेला.

तिने विटेचा कूट करून पाहिला. चार मुशी घडवल्या, सावलीत सहा दिवस वाळवल्या, परसातल्या लहान भट्टीत भाजल्या. भट्टी उघडली तेव्हा चारींचेही दोन दोन तुकडे झालेले होते. मग तिने जुन्या कौलाचा कूट केला. त्या मुशी फुटल्या नाहीत, पण टिचकी मारल्यावर ठणठणण्याऐवजी थप्प वाजल्या. विश्वासाचा आवाज नव्हता तो. असली मूस सोन्यासकट निखाऱ्यात फुटली तर म्हाताऱ्याचे हात भाजतील. पोटाला चिमटा काढता येतो. दुसऱ्याच्या हाताशी खेळ करता येत नाही.

राहिली वरची फळी. दोन दिवस ती पुढच्या खोलीत आली नाही. मागच्या खोलीत बसून तिने निवडलेले धान्य पुन्हा निवडले. तिच्यापुढचा पेच साधा होता. मुशी ठेवाव्या तर ज्या एकुलत्या माणसाला तिचे काम हवे आहे तो हात टेकणार. मुशी ठेचाव्या तर यांच्या अंगठ्याचे जगात काही उरणार नाही. फोटो होता भिंतीवर, पण फोटोत हात आले नव्हते.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिने स्टुलावरचा गोळा खाली ठेवला, स्टूल भिंतीशी ओढले आणि त्यावर चढली. पहिली मूस उचलली. खाली खरोखरच लाकडाचे स्वच्छ वर्तुळ होते. तिने मूस छातीशी धरली आणि जपून खाली उतरली. ठेचण्याआधी एकदा आत बघावे, त्यांच्या खुणेत एकदा आपला अंगठा ठेवावा, इतकाच तिचा विचार होता. ती खिडकीशी गेली. मूस सुलटी करून उजेडाकडे धरली आणि उजव्या हाताचा अंगठा आत घातला.

अंगठा बसला. नुसता बसला नाही, जिथे जायचे तिथे आपसूक गेला. पुढची खूण, त्यापुढची खूण. जुन्या वहाणेत पाय जावा तसा. तिने अंगठा बाहेर काढून आत पाहिले. खुणा डावीकडे झुकल्या होत्या.

तिला वाटले, एखादी चुकून मिसळली असेल. तिने दुसरी आणली. तिसरी आणली. ती चौदा वेळा स्टुलावर चढली आणि चौदा वेळा उतरली. एकूण एक मूस तिची होती. पातळ बुडाची, केसाएवढा तडा गेलेली, वाकड्या चोचीची. कागदाच्या पुड्या सगळ्या.

ती त्याच स्टुलावर बसली. तिला रडू आले नाही. तिला लाज वाटली, आणि कोणासमोर लाज वाटावी तर समोर कोणी नव्हते. सात वर्षे ती सकाळी आपल्याच चुकांना सुप्रभात म्हणत आली होती. राख कशी पडली, पाठ कुठे धरली, हे सारे ज्याला सांगितले तो कोणीही नव्हता. ती स्वतःच होती, आणि स्वतःला तर ते आधीच ठाऊक होते. मग खालच्या फळीचा विचार तिच्या मनात आला, आणि तिने दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले.

संध्याकाळी तिने नणंदेला फोन लावला. इकडचे तिकडचे विचारून झाल्यावर तिने विचारले की त्या वेळी, मी तापात असताना, पुढच्या खोलीतल्या फळ्यांवरच्या मुशी तुम्ही उतरवल्या होत्या का.

"मग काय कोळिष्टकं तशीच ठेवायची होती?" नणंद म्हणाली. "भेटायला माणसं यायची होती. सगळं उतरवलं, पुसलं, पालथं घातलं. उपकार तर राहू दे, सात वर्षांनी उलटतपासणी करतेस."

"तसं नाही, वन्सं. कोणत्या कुठं ठेवल्या?"

"ते कोण लक्षात ठेवतं? माझा हात वर पोहोचत नव्हता. हलक्या होत्या त्या कशाबशा वर सरकवल्या, जड सगळ्या खाली. का गं, फुटलं का काही?"

"नाही," ती म्हणाली. "काही फुटलं नाही."

नणंदेने मग आपल्या गुडघ्यांची हकीकत सुरू केली आणि ती मूसवालीने शेवटपर्यंत ऐकली. त्या बाईचा दोष नव्हता. तिने घर नीट आवरले होते, वजनाने वर्गवारी केली होती. आणि त्या घरात वजन हीच तर खरी सही होती, हे तिला बिचारीला कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी तिने चौदाही मुशी गोणपाटात घातल्या. आता अडायचे काही कारण नव्हते, तरी पहिल्या ठोक्याला दांडके क्षणभर थांबले. आपल्या चुकाही सात वर्षे पुसल्या की आपल्याशा वाटतात. मग तिने ठेचले, चाळले, राख आणि माती मिसळली, दोन दिवस ओले फडके घालून माती मुरू दिली आणि चिमटायला बसली. माती अंगठ्याखाली खरखरत होती. ही खरखर तिच्या ओळखीची. कुटाचे कण ते. तेवढ्यात तिचा हात थांबला. गेली सात वर्षे याच अंगठ्याखाली यांच्या मुशी कण कण होऊन फिरत होत्या आणि तिने त्यांना रेती समजून दाबले होते. ज्या मुशी घडल्या त्या विकल्या गेल्या, बहुतेक म्हाताऱ्या सोनाराकडेच. या गोळ्यात मात्र यांच्या हातची एकही मूस ठेचलेली नव्हती. हा पहिला गोळा, जो सर्वस्वी तिचा एकटीचा होता.

तिने तो पुरा केला. चोवीसही मुशी पुऱ्या केल्या. तिच्या आजवरच्या कामात त्या बहुधा सर्वांत नेटक्या होत्या. भट्टीत एकही तडकली नाही. टिचकी मारली की प्रत्येक ठणठणीत वाजत होती.

सोनार न्यायला येतो म्हणाला होता. ती थांबली नाही. टोपलीत कोंडा घालून त्यात मुशी बसवल्या आणि ती स्वतः निघाली. सात वर्षांत ती त्या रस्त्याला गेली नव्हती. किल्ल्या करणाऱ्याच्या जागी आता चष्म्यांचे दुकान होते, आणि कोपऱ्यावरचा शिंपी होता पण त्याने तिला ओळखले नाही. दुकानाची पायरी आली तेव्हा तिने टोपलीतला कोंडा उगाच सारखा केला.

म्हाताऱ्याने टोपली घेतली. एक एक मूस खिडकीशी नेऊन अगदी डोळ्यांजवळ धरून पाहिली आणि मान डोलावली. आता जायची वेळ होती. ती गेली नाही.

"भाऊजी, फुटक्या मुशी तुम्ही काय करता?"

त्याने हातातली मूस खाली ठेवली. बाकाखाली त्याचा पत्र्याचा डबा होता. सोनार फुटकी मूस टाकत नाही. तिच्या भिंतीत सोन्याचे कण अडकून राहतात. डबा भरला की तुकडे कुटायचे, परातीत धुवायचे, माती वाहून जाते आणि सोने तळाशी बसते. पूर्वी यजमान येत तेव्हा तो आधी सोने धुऊन घेई आणि उरलेली माती त्यांच्या पिशवीत घाली. ते गेल्यानंतर कोणी मागायला आले नाही. धुवायचा कंटाळा आला आणि डबा भरतच गेला. सात वर्षांचा आहे, तो म्हणाला. मग त्याच्या मनात काही आले आणि तो जरा ओशाळून म्हणाला, "कणभर निघेल त्यातून. तुम्हाला हवं असेल तर, वहिनी, तुमचाही हक्कच आहे म्हणा."

"सोनं तुमचं," ती म्हणाली. "मला माती द्या."

का, असे त्याने विचारले नाही. विरजणाला लागते हे त्याला माहीत होतेच, आणि त्याला तेवढेच कारण पुरले. खरे कारण सांगायला तिला वरची फळी, खालची फळी, नणंद आणि वजन हे सगळे सांगावे लागले असते. ती गोष्ट ज्याला ऐकवावी असे माणूस एकच होते, आणि ते त्या डब्यात असले तर असले.

त्याने मुलाला हाक मारली नाही. स्वतः डबा ओढला. ती खलबत्त्याशी बसली, तो परातीशी. ती कुटून देई, तो पाणी घालून हलकेच हेलकावे देई, आणि वरचा गढूळ थर शेजारच्या बादलीत ओती. काही तुकड्यांच्या आत खुणा शिल्लक होत्या. त्या सगळ्या डावीकडे झुकलेल्या, तिच्याच. त्या तिने खलात टाकल्या. तिला हवे होते ते खुणांत नव्हते. ते भिंतीच्या आत, पिठीत होते, आणि कोणता कण कोणाचा हे तिलाही सांगता आले नसते. दुपारभर दोघे असे काम करीत राहिले. मधे एकदा तो म्हणाला की कुटताना जरा दम खात चला, आणि ती म्हणाली की सवय आहे. एवढेच बोलणे झाले. समोर कोणी बसलेले असताना काम करण्याची सवय मात्र मोडली होती. दोनदा तिने पाण्याला हात घातला तेव्हा त्याचाही हात तिथेच आला आणि दोघांनीही मागे घेतला.

शेवटी परातीच्या तळाशी चिमूटभर पिवळे राहिले. त्याने ते कागदावर घेतले. बादली काठोकाठ भरली होती. पाणी निवळेपर्यंत थांबावे लागणार होते. ती पायरीवर बसून राहिली. माती हळूहळू खाली गेली. वरचे पाणी स्वच्छ झाले तेव्हा तिने ते बेताने गटारात ओतले, कण जाऊ नये म्हणून काठाशी तळहात धरला, आणि ओल्या मातीची बादली उचलली.

पोहोचवायला माणूस देतो, तो म्हणाला. ती नको म्हणाली. बादली जड होती. दर विजेच्या खांबाशी थांबून ती हात बदलत होती. एकदा उजवा, एकदा डावा.